कड्याच्या अलीकडे

सह्याद्रीत वाट चुकलेला माणूस बहुतेक वेळा खाली उतरत असतो. दिवस कलायला आलेला असतो, बाटलीत घोटभर पाणी उरलेलं असतं आणि समोर दरीत कोकणातल्या गावांचे दिवे एकेक करून लागत असतात. हवा स्वच्छ असली तर ते इतके ठळक दिसतात की तासाभरात तिथे टेकू असं वाटतं. जवळून एखादा कोरडा ओढा खाली गेलेला असतो. पाणी खाली जातं, गावही खाली आहे, तेव्हा ओढा धरला की गाव लागणार, असा सरळ हिशेब मनात तयार होतो. दूरदेशीच्या पुस्तकांत हाच सल्ला वाचलेला असतो. या डोंगरात तो हिशेब जिवावर बेततो.

कारण डोंगराच्या घडणीतच आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीतून लाव्हारस पुन्हापुन्हा बाहेर आला, दूरवर पसरला आणि थिजला. त्याचे थर भाकऱ्यांच्या चळतीसारखे एकावर एक, जवळजवळ आडवे बसले आहेत. त्यांतले काही कठीण, काही ठिसूळ. ठिसूळ थर झिजून त्याचा उतार होतो, त्यावर माती धरते, रान वाढतं. त्याला आपण पदर म्हणतो. कठीण थर मात्र उभा कडा म्हणून शिल्लक राहतो. घाटमाथ्यावरून कोकणात उतरताना कडा, पदर, पुन्हा कडा असाच क्रम लागतो. ओढा पदरावरून वाहत येतो आणि कड्याच्या तोंडाशी संपतो. पावसाळ्यात तिथे धबधबा असतो, हिवाळ्यात नुसती पोकळी. ती वरून दिसत नाही, कारण ओढ्याच्या दोन्ही बाजूंना गच्च झाडी असते.

खरी फसगत त्याच्याही आधी होते. ओढ्यातून उतरताना आठ-दहा फुटांचे टप्पे लागतात. माणूस त्यावरून घसरत, प्रसंगी सॅक आधी टाकून आणि मागून उडी मारून उतरतो. असे दोन-तीन टप्पे झाले की परतीचा रस्ता बंद होतो, कारण उडी मारून उतरलेला गुळगुळीत पाषाण हातांनी चढून जाता येत नाही. मग पुढे कडा येतो. खाली जाता येत नाही, वर जाता येत नाही, अंधार पडलेला आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींमुळे फोनला रेंज नाही. दिवे मात्र अजूनही दिसत असतात.

जुन्या लोकांनी घाटवाटा पाडल्या त्या या घडणीचा नीट अभ्यास करून. कड्याला जिथे निसर्गतःच खिंडार पडलं आहे, जिथे एखादी सोंड माथ्यापासून पायथ्यापर्यंत अखंड उतरली आहे, नेमक्या तिथूनच वाट जाते. नाणेघाट सातवाहनांच्या काळापासून वापरात आहे, तो अशाच एका खिंडारातून. नाळ, नळी, धार, सोंड, खिंड, निसणी ही वाटांची नावंच त्या जागेचा आकार सांगतात. एखाद्या बाजूने वाट नसेल, तर शेकडो वर्षं गुरं राखणाऱ्या, मध काढणाऱ्या, बाजाराला डोक्यावरून ओझी नेणाऱ्या माणसांनी ती बाजू पाहून सोडून दिलेली आहे. शहरातून सकाळी निघालेल्या चौघांना ती दुपारी चारला सापडेल, हे मानायला काही आधार नाही.

वाट चुकली हे मान्य करणं फार जड जातं. पायाखाली काहीतरी पुसट रेघ असतेच. ती बहुधा ढोरवाट असते. गुरांना गावाला जायचं नसतं, चरायचं असतं. त्यांच्या वाटा फुटतात, पुन्हा मिळतात, कारवीत शिरतात आणि एखाद्या डबक्यापाशी किंवा गवताच्या पट्ट्यात विरून जातात. दिवाळीच्या सुमारास ही अडचण सर्वांत मोठी असते. पावसाळ्यात वाढलेलं गवत कमरेपर्यंत आलेलं असतं, मळलेली वाटही त्याखाली झाकलेली असते आणि त्याच दिवसांत सुट्ट्या लागून शहरातली माणसं डोंगराकडे निघतात. पंधरा मिनिटं झाली आणि दगडावर झिजल्याची खूण नाही, बाण नाही, शेण-लेंडी नाही, जुनी चूल नाही, असं दिसलं की थांबायला हवं. खाली बसावं, पाणी प्यावं, सगळ्यांनी एकत्र यावं. मग जिथे वाट निश्चित होती, त्या शेवटच्या जागेपर्यंत आल्या पावली परत जावं, चढ असला तरी. परतीच्या तासाभराच्या चढाचा कंटाळा हा या डोंगरातला एक मोठा धोका आहे, आणि तो कुठल्याही नकाशावर दाखवलेला नसतो.

रात्र बाहेर काढावी लागली म्हणून सह्याद्रीत धडधाकट माणूस सहसा दगावत नाही. थंडी वाजते, मच्छर फोडून काढतात, घरचे काळजीत पडतात, पण सकाळ होते. अंधारात उतरत राहिलेल्या माणसाबद्दल तेवढ्या खात्रीने बोलता येत नाही. नोव्हेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि दरीत, जंगलात त्याच्या कितीतरी आधी वाट दिसेनाशी होते. म्हणून प्रत्येकाच्या सॅकमध्ये स्वतःची विजेरी हवी, डोक्याला बांधायची असेल तर उत्तम, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. फोनची विजेरी ही विजेरी धरू नये. ती एक हात अडकवते, आणि ज्या यंत्राने मदत मागायची त्याचीच बॅटरी संपवते.

पाण्याचा विचार वेगळा करावा लागतो, कारण पाणी विचार करायला वेळ देत नाही. ३० जून २०२४, रविवार. लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एक कुटुंब वर्षाविहारासाठी उतरलं होतं. पाणी वाढलं. ती माणसं प्रवाहाच्या मधोमध एका खडकावर एकमेकांना घट्ट धरून उभी होती, काठावरून लोक ओरडत होते, आणि पाहता पाहता ती वाहून गेली. एक स्त्री आणि चार मुलं, पाच जण गेले. त्या काही क्षणांचं चित्रण महाराष्ट्रभर पाहिलं गेलं. ते पाहून अनेकांनी त्या कुटुंबाला नावं ठेवली, तेव्हा वाईट वाटलं. ज्या पाण्यात ते उतरले, त्यात त्याआधी आणि त्यानंतर हजारो कुटुंबं उतरली आहेत. पाणी असं का वाढतं, हे त्यांतल्या बहुतेकांना कुणी कधी सांगितलेलं नसतं.

ते असं वाढतं. धबधब्याच्या वर पठार असतं, किंवा डोंगराच्या कुशीतलं मोठं पाणलोट. तळाचा खडक बेसॉल्टचा, वर मातीचा पातळ थर, आणि जुलै उजाडेपर्यंत तो पिऊन तृप्त झालेला असतो. पुढे पडणारा प्रत्येक थेंब मुरत नाही, धावतो. माथ्यावर अर्धा तास जोराची सर कोसळली की तिचं सगळं पाणी एका अरुंद घळीत गोळा होतं आणि थोड्याच वेळात खाली पोचतं. खाली तेव्हा ऊनही पडलेलं असू शकतं. आपल्या डोक्यावरचं आभाळ पाहून पाण्याचा अंदाज बांधता येत नाही, तो वरचा माथा पाहून बांधावा लागतो. ढग त्याला वेढून बसले असतील तर प्रवाहापासून लांब राहावं. स्वच्छ पाणी गढूळ झालं, काड्या-पाचोळा वाहत येऊ लागला, आवाज जड झाला, यांपैकी एकही खूण दिसली तर त्याच क्षणी काठावर चढावं, सामान तिथेच टाकून. वाहत्या पाण्याला गुडघाभर खोली पुरते. शेवाळलेल्या खडकावर मोठा माणूसही त्यात उभा राहू शकत नाही.

या भागातला पाऊस केवढा असतो, याची कल्पना येण्यासाठी एकच आकडा देतो. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवसांत महाड तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळली. हवामान खाते चोवीस तासांत २०४.४ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला तर त्याची नोंद सर्वांत वरच्या पायरीवर करतं, आणि तसा अंदाज असला की बहुधा लाल इशारा देतं. महाबळेश्वरचा तो पाऊस या मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट होता. लाल किंवा नारिंगी इशारा असताना घाटमाथ्यावर, धबधब्यात, घळीत जाऊ नये, याला माझ्या मते एकही अपवाद नाही. जिल्हाधिकारी पावसाळ्यात अशा ठिकाणी बंदीचे आदेश काढतात. त्यांवर लोक चिडतात. सरसकट बंदीबद्दल माझ्याही तक्रारी आहेत, कारण तिच्यामुळे पायथ्याच्या गावांचा चार महिन्यांचा रोजगार बुडतो. पण लाल इशाऱ्याच्या दिवसापुरता तरी तो वाद बाजूला ठेवावा.

पाऊस सरला की उन्हाचं राज्य येतं, आणि त्याच्याकडे आपण फार कमी लक्ष देतो. फेब्रुवारीनंतर कोकणाच्या बाजूने चढणाऱ्या घाटवाटा भट्टीसारख्या तापतात. गडावरची टाकी मार्चपर्यंत आटतात किंवा त्यांतलं पाणी पिण्याजोगं राहत नाही. माणशी तीन-चार लिटर पाणी बरोबर घ्यावं, त्यात मीठ-साखर किंवा ओआरएस घालावं. घाम यायचा थांबला, बोलणं असंबद्ध झालं, चालीत तोल जाऊ लागला, तर तो थकवा समजू नये. उष्माघाताची ती सुरुवात असते. सावलीत आडवं करून, अंग ओलं करून, वारा घालून माणूस थंड करावा, आणि दवाखान्यात नेण्याची खटपट लगेच सुरू करावी. सुक्या गवताच्या काळात घसारा हा आणखी एक शत्रू. मोकळ्या मुरमाच्या उतारावर चढताना काही वाटत नाही, उतरताना पाय सुटतो.

साप, विंचू आणि मधमाश्या यांची भीती सर्वांना असते, माहिती थोड्यांना. कड्याला लटकलेली आग्या माश्यांची पोळी धूर, उग्र अत्तर आणि आरडाओरडा यांनी उठतात. माश्या आल्या तर हातवारे न करता तोंड-डोळे झाकून त्या जागेपासून लांब पळत सुटावं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही विषारी सापांवर एकच प्रतिविष चालतं; ते मुंबईच्या हाफकिन संस्थेतही तयार होतं. दंश झालेला अवयव हलू देऊ नये, चिरू नये, करकचून बांधू नये, मांत्रिकाकडे एक मिनिटही घालवू नये. १०८ ला फोन करून प्रतिविष कुठे मिळेल ते विचारावं आणि तिकडे न्यावं. लाल विंचवाच्या दंशाने कोकणात पूर्वी फार माणसं, विशेषतः मुलं दगावत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तिथल्याच आरोग्य केंद्रात आणि दवाखान्यात रुग्ण पाहता पाहता प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाचा त्यावर उपयोग दाखवून दिला आणि मृत्यूंचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. डोंगरात जाणाऱ्याने हे नाव आदराने लक्षात ठेवावं, आणि हेही, की ते औषध वेळेवर पोचलं तरच उपयोगी पडतं.

अनुभवी माणसाला हे सगळं लागू नाही असा एक समज असतो. जानेवारी २०२० मध्ये हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर दोरीने उतरण्याच्या मोहिमेत अरुण सावंत यांचा मृत्यू झाला. सह्याद्रीतल्या कितीतरी वाटा आणि दऱ्या लोकांसमोर आणणारे, चाळीसेक वर्षं डोंगरात काढलेले ते गिर्यारोहक होते. त्यांच्या पिढीने हा छंद महाराष्ट्रात रुजवला. त्यांच्या जाण्यावर निकाल देण्याचा अधिकार मला नाही. पण ज्या कड्याला त्यांच्याइतकं क्वचितच कुणी ओळखत असेल, तिथेच हे घडलं.

अपघात झाल्यावर काय होतं, हे शहरातल्या फार थोड्या लोकांना ठाऊक असतं. ११२ ला फोन लागतो, पोलीस ठाण्याला कळतं आणि पोलीस बहुतेक वेळा स्थानिक गिर्यारोहकांना बोलावतात. लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र ही संस्था असंच काम वर्षानुवर्षं करते आहे. राज्यातल्या अशा पथकांना जोडणारं महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटर आहे. त्याचा मदत क्रमांक निघण्याआधी फोनमध्ये साठवून ठेवावा. या पथकांतली माणसं नोकरदार, दुकानदार, रिक्षावाले, विद्यार्थी अशी असतात. रात्री अकराला फोन आला की सॅक उचलून निघतात, पहाटे परततात आणि सकाळी कामावर जातात. या कामाचे त्यांना पैसे मिळत नाहीत. पाय मोडलेला एक माणूस स्ट्रेचरवरून खाली आणायचा तर एका वेळी सहा-आठ जणांचे खांदे लागतात, दर काही मिनिटांनी ते बदलावे लागतात. ज्या उताराला एकट्याला तास लागतो, तिथे सबंध रात्र जाते.

२८ जुलै २०१८ ला आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस खोल दरीत कोसळली, सुमारे तीस माणसं गेली. पावसात, निसरड्या कड्यावरून दोर सोडून मृतदेह वर काढले ते महाबळेश्वर आणि आसपासच्या ट्रेकर्सनी. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. वाडीला गाडीरस्ता नव्हता, यंत्रं वर चढू शकत नव्हती, हवामानामुळे हेलिकॉप्टर उडत नव्हतं. चिखलातली ती चढण ओळखणारी डोंगरभटकी मुलं पहिल्या मदतकर्त्यांत होती. त्यांनी हातांनी माती उपसली. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसं बेपत्ता म्हणून शोध थांबवावा लागला. चढताना अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचाही मृत्यू झाला. छंद म्हणून शिकलेली दोरीची गाठ कधी कुठे उपयोगी पडते, ते असं.

मदत मागणाऱ्याने काय सांगायचं, हे ठरलेलं असलं की तास-दोन तास वाचतात. फोनचा जीपीएस रेंज नसतानाही चालतो. नकाशातला निळा ठिपका दाबून धरला की अक्षांश-रेखांश दिसतात, तेच आकडे कळवावेत. किती जण आहात, कुणाला काय झालं आहे, पाणी आहे का, बॅटरी किती उरली आहे, एवढं सांगावं. फोन लागत नसला तरी एसएमएस कधीकधी जातो. त्यानंतर फोन एकाचाच चालू ठेवावा, बाकीचे बंद. आणि जागा सोडू नये. बचाव पथक दिलेल्या ठिकाणी पोचतं आणि माणसं रेंजच्या शोधात भलतीकडे गेलेली असतात, असा त्रास या स्वयंसेवकांना वारंवार सोसावा लागतो. शिट्टी बरोबर असावी. मिनिटाला सहा फुंका, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा, ही डोंगरातली मदतीची ठरलेली हाक आहे. आवाज बसला तरी शिट्टी वाजत राहते.

घरी सांगून जाणं म्हणजे नुसतं गडाचं नाव सांगणं नव्हे. कुठल्या गावातून चढणार, कुठल्या वाटेने उतरणार, गाडी कुठे लावणार, किती वाजेपर्यंत फोन येईल आणि आला नाही तर कुणाला कळवायचं, हे लिहून ठेवावं. हरिश्चंद्रगडाला पाचनईने जाणं वेगळं, खिरेश्वरहून तोलारखिंडीने वेगळं आणि बेलपाड्याहून नळीच्या वाटेने अगदी वेगळं. यांतली वाट माहीत नसेल तर शोध घेणाऱ्यांना अख्खा डोंगर धुंडाळावा लागतो.

पायथ्याच्या वाडीत थांबून चार शब्द बोलणं हा मला सर्वांत भरवशाचा उपाय वाटतो. ठाकर, महादेव कोळी, कातकरी, धनगर यांची ही घरं. वरच्या टाक्यात पाणी आहे का, नाळेतला मोठा धोंडा यंदा सरकला का, कुठल्या कड्यावर पोळी लागली आहेत, हे त्यांना त्या आठवड्याचं ठाऊक असतं. मोबाइलवर उतरवून घेतलेली वाटेची रेघ कुणीतरी दोन वर्षांपूर्वी चाललेली असते. वाटाड्या बरोबर घ्यावा, त्याला योग्य मोबदला द्यावा, घासाघीस करू नये. त्याने 'आज नको' म्हटलं तर परत फिरावं.

आयोजकाबरोबर जाणाऱ्यांनी काही गोष्टी पैसे भरण्याआधी विचाराव्यात. राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, त्यानुसार आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. ती आहे का? किती माणसांमागे एक जाणकार? सर्वांत मागे कोण चालणार? दोर आणि प्रथमोपचाराची पेटी कुणाकडे? हरिहरच्या जवळजवळ उभ्या पायऱ्यांवर चढणारे आणि उतरणारे एकाच वेळी दाटतात तेव्हा एकाचा पाय निसटला तर खालचे कितीजण जातील, याचा विचार आयोजकाने केलेला असावा लागतो. गर्दीचं ओझं काय करतं, ते १५ जून २०२५ ला कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला तेव्हा दिसलं. चार जीव गेले. भुशीच्या त्या दिवसासारखा तोही रविवारच होता.

बचाव पथकांच्या बाबतीत एक मागणी इथे नोंदवायची आहे. दोर, हार्नेस, हेल्मेट, स्ट्रेचर, वॉकीटॉकी हे सामान अनेक ठिकाणी देणग्यांतून आणि स्वतःच्या खिशातून उभं राहतं. नायलॉनचा दोर भिजला की त्याची ताकद कमी होते, खडकाच्या धारेवर घासून तो झिजतो, आणि न वापरताही दहा वर्षांत बदलावा असं बनवणारे सांगतात. दरसाल पावसात माणसं वर काढणाऱ्या पथकाला तो त्याआधीच टाकून द्यावा लागतो. आपत्ती व्यवस्थापनाच्या निधीतून प्रत्येक डोंगरी तालुक्यातल्या पथकाला दर तीन वर्षांनी नवे दोर आणि प्रत्येक स्वयंसेवकाला विमा मिळावा. ज्या गडावर आपण गेलो त्या भागातलं पथक कोणतं, हे शोधून त्याला आपल्या बसभाड्याइतकी रक्कम पाठवणं मात्र आजही आपल्या हातात आहे.